उणे ऐंशीतला यतीन

थालीपीठ तव्यावर होतं, तेव्हाच कादंबरी ते बोलून गेली.

आज्जीनं नुसतं विचारलं होतं, "कादू, बाबाची आठवण येते का गं?" चार वर्षांच्या त्या पोरीनं दह्यात बुडवलेलं बोट चोखत अगदी सहज सांगितलं, "पापा तो लॅब में हैं ना, आज्जी. मम्मा के फ्रीजर में."

थालीपिठाच्या भोकात तेल सोडणारा सुलोचनाबाईंचा हात तिथंच थांबला. दारात बुटाची नाडी बांधत असलेली त्यांची सून देवयानी वाकलेली तशीच राहिली. वर बघायचा तिला धीर झाला नाही.

"काय म्हणते गं ही?"

"आई, तसं नाही ते. मी तुम्हाला सांगणारच होते."

"काय सांगणार होतीस?"

थालीपीठ करपल्याचा वास सुटला तेव्हा कुठं देवयानी उठली आणि तिनं गॅस बंद केला. मग सांगितलं. तीन हिवाळ्यांपूर्वी यतीननं तिच्या प्रयोगासाठी रक्त दिलं होतं. रक्तातल्या लाल पेशी धुऊन, फोडून, त्यांची फक्त आवरणं बाजूला काढतात. ती विद्यापीठातल्या फ्रीजरमध्ये उणे ऐंशी अंशांवर ठेवलेली असतात. बरीचशी वापरून संपली. बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा पाच नळ्या अजून आहेत.

सुलोचनाबाई पाटावर बसल्या. गेल्याच महिन्यात यतीनचं वर्षश्राद्ध झालं होतं. त्यासाठी त्या कराडहून चंदीगडला आल्या, आणि नातीला सोडून पाय निघेना म्हणून राहिल्या. पिंडदान झालं, ब्राह्मण जेवले, गुरुजी म्हणाले, आता मागं बघायचं नाही.

"म्हणजे आपण त्याला सगळा सोडलाच नाही," त्या म्हणाल्या. "अस्थी म्हणून मी संगमावर घेऊन गेले ते अर्धवटच. आणि तू गप्प राहिलीस."

"आई, ते शरीर नव्हे हो. नुसती आवरणं..."

"त्याचं रक्त का नाही?"

याला देवयानीजवळ उत्तर होतं, पण ते तिच्या शास्त्रातलं होतं, आणि त्या स्वयंपाकघरात ते शोभलं नसतं.

"मला दे ते," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मी घेऊन जाते. कृष्णा-कोयनेत सोडते. लेकराला असं बर्फात ठेवतात होय गं?"

*

यतीन हवाई दलात होता, पण उडणारा नव्हे. विमानांची इंजिनं दुरुस्त करणारा. कराडच्या नातेवाइकांचा दरवेळी हिरमोड व्हायचा. "म्हणजे तू चालवत नाहीस?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "चालवणाऱ्यांना खाली सुखरूप मीच उतरवतो, मामा." असा हा गडी सुईला मात्र घाबरायचा. रक्त द्यायला आला तेव्हा खुर्चीत बसून त्यानं डोळे मिटून घेतले आणि ग्रेवाल मॅडमना, म्हणजे देवयानीच्या गाइडना म्हणाला, "मॅडम, इनसे कहिए, धीरे. घर में भी इनका हाथ भारी है." मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा गळ्यातल्या साखळीवर लोंबकळला.

देवयानीचा विषय तो सगळ्यांना आपल्या भाषेत समजावून सांगायचा. माणसाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात बारीक पंप असतात. सोडियम बाहेर फेकायचं, पोटॅशियम आत ओढायचं, एवढंच त्यांचं काम. एका अंगाला उघडायचं, मिटायचं, दुसऱ्या अंगाला उघडायचं. झडपेसारखं, जन्मभर, न थांबता. त्या पंपाच्या भोवतीचं पाणी साखर घालून दाट केलं, की तो मंदावतो. हे जुनंच. प्रश्न असा, की का मंदावतो? पाक दाट, म्हणून झडप हलवायलाच जड जाते? की साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते, पंपाच्या खाचाखोचांतलं पाणी आटतं, आणि तो कोरडा पडून अडतो? साखर ही दोन्ही कामं एकदमच करते, म्हणून चोर सापडत नाही.

"म्हणजे बघ," यतीन जेवता जेवता म्हणाला होता, "कृष्णेच्या गाळातनं पोहताना माणूस दमतो तो गाळानं की तहानेनं? एवढंच ना तुझं? त्याला सहा वर्षं?"

"एवढंच," ती म्हणाली होती. "आणि त्याला तुझं रक्त."

पेशी फोडून आतलं सगळं धुऊन काढलं, की जी रिकामी पांढुरकी आवरणं उरतात त्यांना लॅबमध्ये सगळे घोस्ट म्हणतात. यतीनला ते फार आवडलं होतं. "आमची भुतं बरी आहेत का?" असं तो तिला रोज संध्याकाळी विचारायचा. नळ्या भरल्या त्या दिवशी तिनं त्याच्या हातात मार्कर दिला. एका झाकणावर तरी दात्यानं नाव घालावं अशी त्यांच्या लॅबची हौस होती. त्यानं नाव घातलं नाही. चिमुकल्या झाकणावर, जीभ दातांत धरून, त्यानं लिहिलं: मी.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत अंबाल्याच्या रस्त्यावर, सकाळच्या धुक्यात, दिवे न लावता उभा असलेला एक ट्रक त्याला दिसला नाही.

*

तेव्हापासून देवयानीनं तो शेवटचा प्रयोग केलेला नव्हता.

बाकी सगळं झालेलं होतं. साखरेचं झालं, ग्लिसरॉलचं झालं. शोधनिबंध गेला, आणि परीक्षकानं एकच गोष्ट परत मागितली. डेक्स्ट्रान वापरून बघा. डेक्स्ट्रानचे रेणू लांबलचक, अवाढव्य. थोड्याशा रेणूंनीच पाणी दाट होतं, पण रेणू थोडे म्हणून ते पाणी फारसं ओढून घेत नाहीत. पाकाइतकाच दाटपणा, तहान मात्र नाही. त्यात पंप नीट चालला तर चोर तहान. त्यातही मंदावला तर चोर दाटपणा. एका दिवसाचं काम. पण ते यतीनच्याच आवरणांवर व्हायला हवं होतं, कारण आधीचं सगळं त्याच्यावर झालेलं. दुसऱ्या कुणाचं रक्त घ्यायचं तर पहिल्यापासून सगळं पुन्हा. आणि प्रबंधाची मुदत वाढवून वाढवून मार्चअखेरीपर्यंत आली होती, त्यापुढं विद्यापीठ वाढवणार नव्हतं.

रोज ती ठरवून जायची. कादंबरीला पंधरा सेक्टरातल्या प्ले-स्कूलमध्ये सोडायची, चालत विद्यापीठात जायची, वाटेत हिरवळीवर उन्हात संत्र्यासारखे किनू सोलत बसलेल्या पोरांच्या घोळक्यातून पुढं व्हायची. फ्रीजरचं जड दार उघडायची. धुकं बाहेर यायचं. हातमोजा काढून ती त्या डब्यातून एकच नळी उचलायची, झाकणावर 'मी' लिहिलेली, आणि मुठीत धरायची. आधी हाड गोठल्यासारखं दुखायचं. मग दुखणं थांबायचं. मग नळीवरचं पांढरं बर्फ ओलं व्हायचं, आणि ती गडबडीनं ती परत ठेवायची.

फ्रीजरच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. 'एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. मरतं.' हिंदीत आणि इंग्रजीत. नव्या मुलांसाठी तो तिनंच लिहिला होता, तिसऱ्या वर्षी.

ग्रेवाल मॅडमनी एकदा पाहिलं. संध्याकाळी जाता जाता फक्त म्हणाल्या, "नहीं करना है तो मत कर, बेटा. पर रोज़ डिब्बा खोल के मत खड़ी हो. तुझे पता है."

तिला माहीत होतं. ज्या बाईला कुणीही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं, की बर्फाचे स्फटिक प्रत्येक वेळी वाढतात, आवरणं फाटतात, पंप चुरगळतात, तीच बाई हे रोज करत होती. आणि उद्या करणार नाही असं रोज ठरवत होती.

*

"मी येते तुझ्याबरोबर," सुलोचनाबाई म्हणाल्या. आधीच्या बोलण्याला दोन दिवस होऊन गेले होते, आणि त्या दोन दिवसांत घरात मिठाइतकंच बोलणं होतं. "मला बघू दे कुठं ठेवलाय ते. मग काय करायचं ते तू कर. मी ओढून नेणार नाही."

देवयानीनं हो म्हटलं. आणि हो म्हणताना तिच्या लक्षात आलं, की आज प्रयोग करायचा. कुणीतरी शेजारी बसलेलं असेल तर हात थरथरणार नाहीत, किंवा थरथरले तरी चालेल.

सुलोचनाबाईंनी नऊवारीवर शाल घेतली, वर कादंबरीच्या बाबाचा जुना निळा स्वेटर चढवला, आणि विभागाच्या जिन्यात तीनदा थांबल्या. ग्रेवाल मॅडमनी त्यांच्यासाठी स्वतः स्टूल पुसलं. "माताजी, चाय?" त्यांनी मान हलवली. फ्रीजर उघडला तेव्हा बाहेर आलेल्या गार धुक्याकडे त्या बघत राहिल्या. हात जोडायचे की नाही ते त्यांना कळेना.

"एवढ्याशा?"

"एवढ्याशाच."

पहिली नळी देवयानीनं 'मी' काढली. स्वतःशी म्हणाली, औषधं जुनी आहेत, आधी एका नळीवर चाचणी घेऊ. खरं कारण वेगळं होतं, ते तिलाही ठाऊक होतं. या नळीचं काय झालंय ते एकदा बघायचं होतं. ती बर्फात ठेवली, वितळू दिली, निम्मी वापरली, निम्मी तशीच राहू दिली.

"आता काय करतेस?" सुलोचनाबाईंनी विचारलं. त्या कराडच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवत होत्या. हात काय करतात हे बघायची त्यांना सवय होती.

"पंपाला खायला घालते. तो खाऊन काम करतो आणि त्यातून एक क्षार बाहेर टाकतो. शेवटी हे औषध घातलं की तो क्षार निळा होतो. जितकं काम, तितका गडद निळा." तिनं नळ्यांच्या जोड्या मांडल्या. "प्रत्येकीला ही जुळी. हिच्यात पंप बंद पाडणारं विष घातलंय. आवरणात इतरही काही बाही चालू असतं, त्याचा निळा हिच्यात दिसतो. दोघींतला फरक, तो पंपाचा."

"तो यतीनचा."

देवयानी थांबली. "हो. तो यतीनचा."

नळ्या सदतीस अंशांच्या कोमट पाण्यात तासभर राहिल्या. अंगातल्या उबेएवढीच ऊब, असं तिनं सांगितलं, तेव्हा सुलोचनाबाईंनी पाण्यात बोट घालून पाहिलं आणि काढून पदराला पुसलं.

मग तिनं औषध घातलं.

दोन्ही जुळ्या सारख्याच निळ्या झाल्या. फिकट, आकाशी, सारख्याच. तिनं त्या खिडकीच्या उजेडात धरल्या, हाताची अदलाबदल केली. यंत्रात ठेवून आकडे पाहिले. फरक नव्हता. औषधांची म्हणून एक वेगळी चाचणी-नळी होती, ती मात्र छान गडद झाली होती, तेव्हा औषधं ठीक होती.

"काय झालं?"

"गेला," देवयानी म्हणाली.

"कोण गेला?"

"ह्या नळीतला. मी मारला, आई. रोज हातात धरायची मी. सगळ्यांना सांगते धरू नका म्हणून, आणि मीच..." तिनं हातमोजे काढायचा प्रयत्न केला, ते ओल्या हाताला चिकटले. कोपऱ्यात दोन मुलं काम करत होती, ती बाहेर निघून गेली.

सुलोचनाबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. बराच वेळ त्या स्वेटरच्या बाहीवरचे गोळे तोडत राहिल्या.

"हा स्वेटर," त्या म्हणाल्या, "मी मागच्या साली तुझ्या कपाटातनं नेला, तुला न विचारता. ट्रंकेत ठेवला. रोज दुपारी काढून तोंडाशी धरायची. पहिले दोन महिने त्याचा वास होता. घामाचा, आणि ते काय लावायचा ते. मग कमी कमी झाला. आता हुंगते तर माझाच वास येतो गं. माझ्या तेलाचा." त्यांनी बाही नीट केली. "मी पण मारलाच की."

देवयानी रडली. आवाज न करता, नळ्यांपासून तोंड फिरवून, कारण डोळ्यांतलं पाणी खारट असतं आणि मीठ तिच्या प्रयोगाला चालत नाही. वर्षभर रडतानाही तिला हे आठवायचं.

"बाकीच्या चार?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"त्यांना कधी हात लावला नाही. पण कोण जाणे."

"मग बघ की."

"आई, वापरल्या तर संपतील. तुम्हाला न्यायला काही उरणार नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. दोनदा झाली नाही, तिसऱ्यांदा झाली.

"तो काम करायला दिला होता ना तुला?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "की ठेवायला?"

*

चारही नळ्या तिनं एकदमच बर्फात मांडल्या. आता मागं फिरता येणार नव्हतं. वितळत आल्या तशी आतली पांढुरकी दुधी धार हलायला लागली. तिनं ती एकत्र केली, नव्या नळ्यांत वाटून घातली. साध्या पाण्यातल्या जोड्या, पाकातल्या जोड्या, डेक्स्ट्रानमधल्या जोड्या. पाक पिपेटमध्ये घाईनं ओढला की हवा शिरते आणि माप चुकतं. श्वास रोखून, सावकाश, भिंतीला टेकवून सोडावा लागतो. तिचे हात स्थिर होते. सुलोचनाबाई तोंडानं काही पुटपुटत होत्या. स्तोत्र असेल, किंवा नळ्या मोजत असतील.

तासाभरानं ती औषध घालायला लागली, आणि साध्या पाण्यातली पहिली जोडी डोळ्यांसमोर वेगळी होत गेली. एक फिकट राहिली. दुसरी आधी आकाशी, मग निळी, मग शाईसारखी होत गेली.

"ही?" सुलोचनाबाई उठून जवळ आल्या. "ही गडद?"

"ही त्याची."

"म्हणजे आत्ता... आत्ता तासभर तो..."

"हो, आई. करत होता."

सुलोचनाबाईंनी नळीला हात लावला नाही. लहान मूल झोपलं की नाही ते बघतात तशा वाकून बघत राहिल्या.

पाकातली जोडी अगदी थोडी वेगळी झाली. तो तिथं मंदावला होता, नेहमीसारखाच. राहिली डेक्स्ट्रानची. ती सगळ्यात सावकाश रंगली, किंवा देवयानीला तसं वाटलं. रंग थांबला तेव्हा तो ना इकडचा होता ना तिकडचा. साध्या पाण्याहून फिकट, पाकाहून गडद. तिनं यंत्रात आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. ग्रेवाल मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी चष्मा चढवला.

"दोनों," मॅडम म्हणाल्या.

"दोनों," देवयानी म्हणाली. मग सुलोचनाबाईंना सांगितलं, "दोन्हीमुळं, आई. दाटपणानं जड जातं हेही खरं, आणि तहानेनं अडतो हेही खरं. नुसता दाटपणा असेल तर मंदावतो, पण निम्माच."

हे उत्तर सांगायला सगळ्यात आधी ज्याच्याकडे पळत जावं असा माणूस तिच्या मनात आपोआप आला, आणि मग परत गेला.

वापरलेलं निळं पाणी आम्लाच्या कचऱ्याच्या बाटलीत ओतायचं असतं, बेसिनमध्ये नाही. ती ओतायला निघाली तेव्हा सुलोचनाबाई म्हणाल्या, "ती गडद शेवटी ओत." तिनं तशी शेवटी ओतली. आधीच्या निळ्यात ती मिसळली आणि मग ओळखू येईनाशी झाली. सुलोचनाबाईंनी आता हात जोडले. कचऱ्याच्या बाटलीपुढं कुणी हात जोडलेले त्या खोलीनं पाहिले नव्हते, पण मॅडमही मान खाली घालून उभ्या राहिल्या.

उरली ती 'मी'. निम्मी भरलेली, बर्फात टेकून ठेवलेली, चाचणीत कामातून गेलेली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. "खराब सँपल है," त्या म्हणाल्या. "कहाँ गया, मैंने नहीं देखा." आणि चहा सांगायला निघून गेल्या.

देवयानीनं झाकण घट्ट दाबलं, नळीभोवती पट्टी गुंडाळली आणि ती सासूच्या हातरुमालावर ठेवली.

प्ले-स्कूल सुटायची वेळ झाली होती. गेटाबाहेर दोघी ई-रिक्षात बसल्या. ऊन चांगलं होतं, रस्त्यामधल्या गोल चक्करच्या फुलांना माळी पाणी देत होता. सुलोचनाबाईंनी रुमालाची चारी टोकं चिमटीत धरून नळी मधोमध अधांतरी लोंबती ठेवली होती. गचका बसला की त्या दुसरा हात खाली धरत, पण तळवा लागू देत नसत. अंगाची ऊब लागू नये म्हणून कोपरसुद्धा त्यांनी बाजूला काढलं होतं. सकाळपासून त्यांनी बघितलं होतं सगळं. हात अवघडला होता, तरी बदलत नव्हत्या.

देवयानी हे पहिल्या चौकापासून बघत होती. सांगावं की नको ते तिला समजत नव्हतं. पंधरा सेक्टरचा सिग्नल लागला, रिक्षा थांबली.

"आई," ती म्हणाली, "आता धरलीत तरी चालेल. आता तिला काही होत नाही."

सुलोचनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग रुमाल मांडीवर उलगडला, नळी उचलली, झाकणावरचं अक्षर अंगठ्यानं चाचपलं, आणि मूठ मिटली.